ट्रिगर दाबला, शॉटच पडला नाही: इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाल्या एअर रायफलचं नेहमीचं दुखणं

हे १० मीटर एअर रायफलवाल्यांसाठी लिहितोय, पिस्तूलवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. मी बरीच वर्षं रायफल मारली, आता खांदा कुरकुरतो म्हणून पुण्यात रेंजवर पोरांच्या रायफली बघत बसतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची एकच तक्रार इतक्या वेळा हातात आलीय की पोरगं बॅग घेऊन माझ्याकडे चालायला लागलं की चेहऱ्यावरूनच कळतं. "काका, शॉट पडत नाहीये." आणि मागोमाग पालक, "बोर्ड (आतलं सर्किट) गेला असेल का हो? किती खर्च येईल?"

बोर्ड क्वचितच जातो. पण ते नंतर.

आधी लक्षणं. तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते इथं शोधा, कारण "शॉट पडत नाही" या एका वाक्यात पाच वेगळी दुखणी लपलेली असतात.

१. ट्रिगर दाबला, एकदम गप्प. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही.

२. आतून टक् असा आवाज येतो पण हवा सुटत नाही, किंवा नुसतीच फुस्स होते.

३. एक शॉट व्यवस्थित, लगेच दुसरा दाबला तर गप्प, पाच-दहा सेकंद थांबलं की परत पडतो.

४. सकाळी साइटिंगला, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटना, मस्त चालते, मॅच अर्ध्यावर आली की दगा देते. हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात जास्त रडवतं.

५. घरी चालते, रेंजवर नाही. किंवा रायफल उभी धरली तर चालते, खांद्याला लावली की नाही.

६. आणि हे बरोबर उलटं: न दाबताच शॉट जातो, किंवा फर्स्ट स्टेजवर (ट्रिगरच्या पहिल्या हलक्या टप्प्यावर) बोट टेकलं की जातो, किंवा लोडिंग लिव्हर (छर्रा घालताना उघडायचा दांडा) बंद करताना जातो.

सहावं असेल तर खालचं काही करत बसू नका. छर्रा काढा, हवेचा सिलिंडर उतरवा, सेल काढा, रायफल बॅगेत घाला आणि थेट शेवटचा भाग वाचा. ही गंमत नाही, शेजारच्या लेनवर बारा वर्षांचं पोर उभं असतं.

बाकीच्यांनी पुढं वाचा, फक्त त्याआधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे कुठली तपासणी का करतोय ते कळेल. मेकॅनिकल ट्रिगरमध्ये दोन घासलेले पोलादी तुकडे एकमेकांत अडकलेले असतात, तुम्ही बोटानं ते सरकवता, अडकण सुटते, स्प्रिंगवरचा हॅमर जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हवा सुटते. इलेक्ट्रॉनिकमध्ये तुमचं बोट त्यातलं काहीच सोडवत नाही. बोट फक्त एक बारीक स्विच किंवा सेन्सर चालवतं, म्हणजे दाराची बेल दाबल्यासारखं. मग सर्किटमध्ये साठवलेली वीज एका सोलेनॉइडला मिळते, सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि मधे लोखंडी दांडी, ती दांडी झटक्यात सरकते आणि पुढचं काम करते. मॉडेलप्रमाणे कुठं ती हॅमर सोडते, कुठं दुसरं काही. तुम्हाला ऐकू येणारा टक् तो या दांडीचा.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: टक् येतो का नाही? टक् येत असेल तर वीज, स्विच, वायर, बोर्ड सगळं बहुतेक ठीक आहे, भानगड हवेची किंवा मेकॅनिकल भागाची. टक् येत नसेल तर भानगड विजेची. एवढं जरी कळलं तरी अर्धं काम झालं, पण लोक हे सोडून आधी स्क्रू ड्रायव्हर काढतात.

आता तपासण्या, फुकटापासून सुरुवात. प्रत्येक वेळी रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) आत, तोंड टार्गेटच्या दिशेला. "मी फक्त बघतोय" असं म्हणत टेबलावर आडवी ठेवून ट्रिगर दाबणारे मोठे मोठे लोक पाहिलेत मी.

स्विच आणि झोप

हसू नका. रायफल चालू आहे का बघा. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये काही मिनिटं हात लावला नाही की सर्किट आपोआप झोपतं, सेल वाचावा म्हणून. पोरगं साइटिंग करून कोचशी बोलायला जातं, परत येतं, उभं राहतं, श्वास लावतं, दाबतं, गप्प. आणि मग डोकं गेलं की गेलं. शिवाय ड्राय फायरचं, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावाचं, सेटिंग आणि मॅचचं सेटिंग वेगळं असतं, आदल्या रात्री घरी ड्राय केलं आणि तसंच बटण राहिलं असं दर महिन्याला एकदा तरी होतंच. ही तपासणी महत्त्वाची का, तर फुकट आहे आणि दहा सेकंदांची आहे, आणि हिच्यामुळं मी निदान चार रायफली सर्व्हिसला जाण्यापासून वाचवल्यात.

याच्या जोडीनं लोडिंग लिव्हर पूर्ण बंद झालाय का बघा. काही मॉडेलमध्ये लिव्हर अर्धवट राहिला तर ट्रिगरला परवानगीच मिळत नाही, आणि मिळायलाही नको.

सेल

इथं थोडा वेळ काढतो, कारण माझ्या हातात आलेली बहुतेक प्रकरणं इथंच संपली.

तुमची रायफल कुठला सेल मागते ते मॅन्युअलमध्ये बघा. मॉडेलप्रमाणे फरक आहे, कुणाला साधे बारीक सेल, कुणाला बटण सेल, कुणात आत बसवलेली रिचार्जेबल बॅटरी. आता लोक काय करतात, मल्टीमीटर लावतात, १.५ व्होल्ट दिसतं, आणि म्हणतात "काका सेल तर फुल आहे". अहो, तो नुसता बसलेला असताना फुल दिसतो. सोलेनॉइड ज्या क्षणी ओढतो त्या क्षणी करंटची मागणी एकदम वाढते आणि म्हाताऱ्या सेलचं व्होल्टेज तिथं खाली बसतं, वजन उचलायला लावलं की गुडघे टेकतात तसं. मीटरला हे दिसतच नाही. लक्षण तीन आणि चार, म्हणजे लगेच दुसरा शॉट न पडणं आणि मॅचच्या मधे दगा, ही या दमलेल्या सेलचीच खूण. सर्किटमध्ये वीज साठवायला कपॅसिटर असतो, चांगला सेल तो पटकन भरतो, दमलेला सेल हळू भरतो, म्हणून तुम्ही थांबलात की शॉट पडतो.

एका मुलीची गोष्ट सांगतो. एका जिल्हा पातळीच्या स्पर्धेत साठातले अडतीस शॉट छान गेले आणि एकोणचाळिसाव्याला रायफल गप्प. हात वर, रेंज ऑफिसर, सगळं रीतसर. वडिलांनी तोपर्यंत कुणाला तरी फोन लावून नव्या बोर्डची किंमत विचारलीसुद्धा. मी सेलचं झाकण उघडलं तर आत कॅमेऱ्यातले रिचार्जेबल सेल. पर्यावरण वगैरे ठीक आहे, पण हे सेल १.२ व्होल्टचे, आणि त्या सर्किटला १.५ ची अपेक्षा. पूर्ण चार्ज असताना कसंबसं चालायचं, थोडं उतरलं की संपलं. शेजारच्या दुकानातून साधे अल्कलाइन आणले, पुढचे बावीस शॉट झाले. पण मनातून ती उतरली होती, तिथून नऊच्या रिंगा सुरू झाल्या, त्याला काही सेल नाही.

नियम माझा असा: मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी नवा सेल, आधीचा चांगला असला तरी काढून भिंतीवरच्या घड्याळात घालायचा. बॅगेत एक न उघडलेला जोड. सगळे सेल एकाच वेळी बदला, एक नवा एक जुना असं करू नका. आत बसवलेली बॅटरी असेल तर आदल्या रात्री चार्ज करा, आणि चार्ज करून लगेच एकदा चालवून बघा, चार्जरची पिनच सैल होती आणि रात्रभर काही भरलंच नाही असंही झालंय. विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हँडबॅगेत ठेवा.

कॉन्टॅक्ट आणि दमट हवा

नवा सेल घातला तरी गप्प असेल तर सेल जिथं टेकतो ती पत्री आणि स्प्रिंग बघा. पांढरी पूड, हिरवट डाग, काळपट थर, यातलं काही दिसलं तर चोर सापडला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं. कोकणातलं एक पोरगं जुलैत रायफल घेऊन आलं, समुद्राजवळ घर, सेल मे महिन्यापासून आतच. झाकण उघडलं तर आत शेवाळ धरल्यासारखं. सेलही गळला होता.

करायचं काय: सेल काढा, पेन्सिलचं खोडरबर घ्या आणि पत्री हळू घासा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, वाळू द्या. सँडपेपर नको, वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज. आणि कृपा करून तो गंजावर मारायचा तेलकट स्प्रे आत मारू नका, वरून चकाचक दिसतं पण तेलाची साय स्विचवर बसते, त्यावर धूळ, आणि मग स्विच कधी लागतो कधी नाही. हे मी निस्तरलंय, वैताग असतो.

स्प्रिंग दबली असेल तर बोटानं किंचित वर ओढा. रायफल उभी धरली की चालते आणि खांद्याला लावली की नाही, हे पाचवं लक्षण बऱ्याचदा इथलंच असतं, सेल सरकतो.

दुसरा भाग दमटपणाचा. एसी हॉलमध्ये दोन तास रायफल गार झालेली असते, तशीच तुम्ही ती बाहेर पावसाळी हवेत आणता आणि बॅग उघडता, मग थंड धातूवर पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. ते पाणी स्विचवर, बोर्डवर, कुठंही. एसी गाडीतून उतरून साध्या रेंजवर गेलात तरी तेच. अर्धा तास बॅग बंद ठेवा, बाहेरच्या हवेइतकी कोमट होऊ द्या, मग उघडा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यातल्या चालतात पण त्या कधीच दमलेल्या असतात, नव्या आणा, स्वस्त असतात. घरी हेअर ड्रायरनं सुकवू नका, गरम हवेनं सीलचा सत्यानाश होतो. सेल काढून पंख्याखाली रात्रभर ठेवा, बस.

सीझन संपला, परीक्षा आल्या, रायफल दोन महिने कपाटात जाणार, तर सेल बाहेर काढून ठेवा. हे परत परत सांगतो आणि दर मार्चनंतर तेच गळलेले सेल बघतो.

हवा

टक् येतो पण शॉट नाही किंवा फुस्स, हे दुसरं लक्षण असेल तर वरचं सगळं सोडा, सिलिंडरचा मीटर बघा. भरताना २०० बार असतं, मी ७० च्या खाली गेलं की मॅचचा शॉट मारत नाही. रायफलचा वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास राहायला हवा, दाब संपत आला की तो घसरतो आणि शॉट खाली पडायला लागतात, लोक मात्र ट्रिगरला शिव्या देतात.

आणि इथं एक सावधगिरी, ठळक अक्षरात समजा. फुस्स झालं आणि टार्गेटवर छिद्र नाही, तर छर्रा बॅरलमध्येच अडकलेला असू शकतो. त्यामागून दुसरा घालू नका. सिलिंडर उतरवा, क्लीनिंग रॉडनं हळू ढकलून काढा, नाही जमलं तर कोचला सांगा.

सिलिंडरवर तारीख छापलेली असते ती पण बघा, मुदत साधारण दहा वर्षांची असते. सेकंड हँड रायफल घेताना लोक ट्रिगर चांगला आहे का विचारतात, सिलिंडरचं वय कुणी विचारत नाही.

ट्रिगरचे स्क्रू

आता जरा महागाच्या दिशेनं, म्हणजे पैशानं नाही, चुकीनं महाग.

तुम्ही किंवा भावानं किंवा "माहीत असलेल्या" मित्रानं गेल्या आठवड्यात ट्रिगर हलका करायला स्क्रू फिरवला होता का? आठवा. खरं सांगा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्येही फर्स्ट स्टेजचं वजन, सेकंड स्टेजचं वजन, ट्रॅव्हल (ट्रिगर सरकतो ते अंतर) हे सगळं स्क्रूनंच लावतात, कारण बोटाला लागणारा दाब हा शेवटी स्प्रिंगचाच आहे, विजेचा नाही. ट्रॅव्हल फार कमी केला तर स्विच कधीच पूर्ण सुटत नाही, किंवा कधीच पूर्ण दाबला जात नाही. पहिल्यात रायफल गप्प बसेल नाहीतर स्वतःहून जाईल, दुसऱ्यात दाबून दाबून बोट दुखेल.

मॅन्युअलमधलं फॅक्टरी सेटिंग लावा, स्क्रू किती फिरवला ते पाव-पाव फेऱ्यांत वहीवर लिहा. मार्करनं स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर एक बारीक रेघ मारून ठेवली तर आणखी उत्तम. फॅक्टरी सेटिंगवर चालली तर भूत उतरलं, मग हळूहळू आपल्या आवडीकडे या.

रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही, एअर पिस्तूलला मात्र ५०० ग्रॅम कमीत कमी लागतंच, वजन टांगून तपासतात. म्हणून रायफलवाली पोरं ट्रिगर इतका हलका करतात की श्वास लागला तरी जाईल. अरे बाबांनो, थंडीत बोट बधिर झालं की मग काय करणार?

स्टॉकमधली वायर

हे शेवटचं घरगुती काम, आणि हेही फक्त ज्याला स्टॉक, म्हणजे रायफल धरायचा आणि खांद्याला लावायचा सांगाडा, उतरवता-चढवता येतो त्यानंच. बट (खांद्याला टेकणारं टोक) लांब केली, चीकपीस (गाल टेकायचा भाग) सरकवला, ट्रिगर पुढं-मागं केला की आतली बारीक वायर ताणली जाते किंवा चिमटीत सापडते. वाढत्या वयाच्या मुलांचे स्टॉक दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यांच्यात हे जास्त. ट्रिगर पूर्ण मागं घेतला तर चालते आणि पुढं नेला तर नाही, असं झालं तर वायरच. जोडणीचा प्लग हलकेच दाबून बघा, सैल असेल तर बसतो. वायर तुटलेली, सोललेली दिसली तर हात काढा. टेप गुंडाळून मॅचला जाऊ नका. आणि बाहेरून काही लटकवायचं तर मुळीच नाही, नियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे सगळे भाग रायफलच्या अॅक्शनमध्ये (मधल्या यंत्रणेत) किंवा स्टॉकमध्येच घट्ट बसलेले असायला हवेत, आणि इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्याच्या तपासणीला, रायफल त्या सगळ्यासकट दाखवावी लागते. रायफलच्या वजनाची मर्यादा ५.५ किलो, सेलचं वजनही त्यातच मोजलं जातं. जुगाड तिथं पकडला जातो.

मग मुळात घ्यावा का हा ट्रिगर?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल एवढी कटकट आहे तर मेकॅनिकलच बरा. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मारलं त्यानंतर हा प्रश्न फारच वाढला, प्रत्येक आईवडिलांना वाटतं महाग रायफल घेतली की झालं. त्याचं मेडल ५० मीटरचं, पॉइंट टू टू काडतुसाच्या रायफलचं, म्हणजे खेळच वेगळा, पण ते कुणी ऐकत नाही.

माझं मत सांगतो. फायदा खरा आहे. घासणारे दोन तुकडे नाहीत त्यामुळं झीज नाही, तेल कमी-जास्त झालं म्हणून फील बदलत नाही, पहिला शॉट आणि साठावा शॉट बोटाला एकसारखा लागतो. मेकॅनिकलला अडकणीचा तो सूक्ष्म खरखरीतपणा कधी ना कधी येतोच, इथं तो नाही. आणि ड्राय फायर, बऱ्याच मॉडेलमध्ये परत परत लिव्हर न उघडता नुसतं दाबत राहता येतं, घरी भिंतीसमोर तासभर सराव करणाऱ्या पोराला याची किंमत कळते.

वेगाचा फायदा मात्र लोक फुगवून सांगतात. शॉट लवकर सुटतो हे खरं, पण फरक काही हजारांश सेकंदांचा. छऱ्याला दहा मीटर जायलाच साधारण ६० हजारांश सेकंद लागतात, शिवाय तो बॅरलमधून बाहेर पडेपर्यंतचा वेळ वेगळा. तेवढ्या वेळात तुमचा हात स्थिर नसेल तर सोलेनॉइड काय करणार. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तो होल्डनं, म्हणजे रायफल स्थिर धरण्यानं लागतो.

तोटे तुम्ही वर वाचलेच. त्यात भर म्हणजे दुरुस्ती. मेकॅनिकल ट्रिगर उघडून साफ करणारा माणूस कुठल्याही बऱ्या रेंजवर सापडतो. सोलेनॉइड आणि बोर्ड बदलायचा तर पार्ट बाहेरून येणार, कस्टम, आठवडे, आणि तोवर पोरगं उधारीच्या रायफलवर. वॉल्थरच्या एलजी ४०० मध्ये इलेक्ट्रॉनिक आवृत्ती मिळते, स्टायरचीही चॅलेंज ई आहे, पिस्तुलात मोरिनीचं तर एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत मिळतं, १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक आणि १६२ एमआय मेकॅनिकल. म्हणजे कंपन्यांनाच माहितीये की काही लोकांना हे हवंय आणि काहींना अजिबात नकोय. कल्पना नवीही नाही, ऐंशीच्या दशकात ५० मीटर फ्री पिस्तूलवाले हॅमर्ली १५२ इलेक्ट्रॉनिक वापरायचेच.

आणखी एक गोंधळ मिटवतो. इंटरनेटवर अमेरिकेतल्या रेमिंग्टनच्या इट्रॉनएक्स रायफलची उदाहरणं देऊन लोक सांगतात की इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फसला. ती २००० साली आली आणि २००३ ला बंद झाली हे खरं, पण ते प्रकरण निराळं. ती शिकारीची काडतुसाची रायफल, त्यात ट्रिगर नुसता सोलेनॉइड चालवत नव्हता, वीज थेट काडतुसाच्या खास प्रायमरमध्ये जायची आणि बार व्हायचा. नेहमीची काडतुसं तिच्यात चालतच नव्हती, आणि ९ व्होल्टचा सेल संपला की हातात काठी. ट्रिगरपेक्षा त्या खास काडतुसांनी तिला बुडवलं असं मी समजतो. आपल्या एअर रायफलला तोच छर्रा, तीच हवा, फक्त सोडायची पद्धत वेगळी.

तर नवशिक्या पोराला मी मेकॅनिकलच सांगतो. ज्याला दोन-तीन वर्षं झालीत, जो स्वतःची रायफल स्वतः पुसतो, सेलची तारीख लिहून ठेवतो, त्यानं इलेक्ट्रॉनिक घ्यावी, त्याला मजा येईल. रायफल बॅगेतून आईच काढून देते अशा पोराला अजिबात नाही.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

सहावं लक्षण, म्हणजे स्वतःहून शॉट. एकदा झालं तरी पुरे, "परत होतंय का बघू" असं म्हणायचं नाही. एका वडिलांनी युट्यूब बघून स्क्रू अर्धी फेरी जास्त फिरवला होता, स्विच कायम अर्धवट दाबलेला, पोरानं छर्रा घालून लिव्हर बंद केला आणि शॉट गेला. नशीब तोंड टार्गेटकडे होतं. अशी रायफल रेंजवर आणायचीच नाही, फॅक्टरी सेटिंग लावून बरी झाली असं वाटलं तरी जाणकारानं बघेपर्यंत नाही.

टेबलावर ठेवताना किंवा हलका धक्का लागून शॉट गेला, तरी तेच.

नवा सेल, स्वच्छ कॉन्टॅक्ट, सुकी रायफल, फॅक्टरी स्क्रू आणि तरी टक् नाही, तर स्विच, सोलेनॉइड किंवा बोर्ड. यातलं काहीही घरी उघडू नका. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडेही देऊ नका, सोल्डरिंग त्याला छान येतं पण ट्रिगर कधी सुटला नाही पाहिजे हे त्याला माहीत नसतं. जळकट वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, तर लगेच सेल काढून बाजूला.

हवा गळतेय, सिलिंडरच्या जोडावर सूं सूं आवाज, तर तिथं पान्हा लावू नका. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब आहे.

आणि मॅच चालू असताना काही झालं तर यातली एकही तपासणी स्वतःच्या मनानं लेनवर सुरू करायची नाही. रायफल खाली, तोंड टार्गेटकडे, हात वर, रेंज ऑफिसरला सांगायचं, मग तो म्हणेल तसं. ७५ मिनिटं असतात साठ शॉटना, सेल बदलायला दोन लागतात, घाबरायचं कारण नाही.

सर्व्हिसला पाठवायची वेळ आलीच तर एक कागद सोबत घाला: टक् येतो का नाही, कितव्या शॉटला बंद पडते, सेल कुठला आणि कधी घातला, पाऊस होता का एसी, स्क्रूला कुणी हात लावला का. हे शेवटचं खरं लिहा, तो उघडल्यावर त्याला दिसतंच. सिलिंडर रिकामा करून वेगळा ठेवा, सेल काढा, आणि सेलचं झाकण चिकटपट्टीनं लावून पाठवा, कारण कुरियरमध्ये ते हमखास हरवतं आणि तेवढंच झाकण बाहेरून मागवायला दोन महिने जातात.